रतलामच्या डिझेलला घरी रंग दिला, आठ महिने चालवल्यावर काय टिकलं

फेब्रुवारीत या मॉडेल रेल्वे इंजिनाला हात घातला, रंगपंचमीच्या आसपास संपलं आणि तेव्हापासून दर रविवारी इंजिन रुळावर आहे. ताजं रंगवलेलं मॉडेल सगळ्यांचंच भारी दिसतं हो, हात लागून लागून काय होतं ते नंतर कळतं, म्हणून आत्ता लिहितोय.

मॉडेल एचओ स्केलचं म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं, तयार घेतलेलं डब्ल्यूडीएम ३ए, भारतीय रेल्वेचं डिझेल इंजिन. आलं तेव्हा चकचकीत लाल प्लास्टिक, जत्रेतल्या खेळण्यासारखं. माझ्याकडे २०११ चा इंदूर स्टेशनवर मीच काढलेला एक फोटो आहे, रतलाम शेडचं इंजिन, लाल अंग, मधे क्रीम पट्टा, कॅबखाली नवीन रंगाचं एक ठिगळ. ठरवलं की हेच एक इंजिन करायचं, त्या दिवशी होतं तसं, ठिगळासकट. कारण हा क्लास म्हणजे खिचडी आहे. मुळात डब्ल्यूडीएम २, अमेरिकेतल्या आल्कोचं डिझाईन, १९६२ पासून आलेलं, मग बनारसला बनायला लागलं, २६०० हॉर्सपॉवर, आणि त्यातली कितीतरी पुढे ३१०० ची ३ए करून घेतली, त्यामुळे दोन इंजिनांचे हॉर्न, जाळ्या, खिडक्या जुळतीलच असं नाही. दहा फोटो बघून बनवलं की जे कुठेच नव्हतं असं इंजिन तयार होतं.

एक गोष्ट मात्र काही केल्या सुधरत नाही. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, ८७ ने भागला तर १९ मिमीच्या वर जातो आणि रूळ १६.५ चे, म्हणून समोरून बघितलं की इंजिन पाय जवळ घेऊन उभं असल्यासारखं दिसतं. मी समोरून बघत नाही, संपलं.

आता रंग. कंपनीचा रंग आयसोप्रोपाइल अल्कोहोलमधे रात्रभर बुडवून काढला, जुन्या टूथब्रशने घासला, भांड्याच्या साबणाने धुतला. आतून आधी काळा मारला, नाहीतर हेडलाईट लावल्यावर अख्खं हूड, म्हणजे इंजिनावरचं लांबट झाकण, कंदिलासारखं पेटतं. मग ग्रे प्रायमर, मग क्रीम, पट्ट्यावर मास्किंग टेप आणि शेवटी लाल, एअरब्रशच्या ०.३ मिमी नोझलने, पंधरा-वीस पीएसआय हवेच्या दाबावर. फिकट आधी, गडद नंतर, उलटं केलं तर क्रीमचे चार थर देऊनही खालून लाल डोकावतं. आणि लाल जरा फिका करून घ्या, खऱ्या इंजिनाचा तंतोतंत शेड एवढ्याशा बॉडीवर काळपट दिसतो. एअरब्रश आणि छोटा कंप्रेसर आठ महिन्यांत एकदाही अडला नाही, फक्त नोझल त्याच दिवशी साफ करायचं, ‘उद्या करू’ म्हणालात की गेलं.

आता माझा गाढवपणा. राहायला इंदूरच्या रामबागेत, ग्लॉस क्लिअर म्हणजे वरचा चकचकीत पारदर्शक थर मारला नेमका रंगपंचमीच्या सकाळी. खिडकी बंद होती, पण राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघते तेव्हा गुलाल खिडकी-बिडकी विचारत नाही! दोन तासांनी बघतो तर छतावर बारीक गुलाबी पुरळ. सँडिंग करून परत मारावं लागलं. जुलैत अजून एक, भर पावसात लॅकरने टचअप केला तर पांढरट धुकं चढलं. ते मात्र कोरड्या दिवशी नुसता थिनर हलका फवारल्यावर गेलं.

टिकलं काय म्हणाल तर खालचा रंग अगदी जसाच्या तसा. हूडच्या दोन्ही बाजूंना बोटं पडतात तिथे मॅट क्लिअर घासून चमकायला लागलाय, आता मी फ्युएल टँकला धरूनच उचलतो. पितळी तारेचे हँडरेल एकही निघाले नाहीत, प्लास्टिकचे असते तर केव्हाच गेले असते. कॅबच्या काचा इन्स्टंट ग्लूने बसवल्या ती चूक, वाफेने कायमच्या धुरकट झाल्या, तिथे पांढरा फेविकॉलच हवा.

बोगीवर, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यावर, मारलेली ब्रेकच्या धुळीची तपकिरी पावडर दिसते झकास पण नीट सील केली नव्हती, ती झडून चाकांवर बसली, रुळांतली वीज नीट मिळेना आणि लाईट लुकलुकायला लागले, दोन महिने मी मोटरला शिव्या देत होतो बिचारीला. बफरखालचे होसपाईप, ब्रेक पाईपचा कॉक हिरवा, फीड पाईपचा पांढरा, हौसेने दोन्ही टोकांना लावले आणि पहिल्याच वळणावर डबे जोडायच्या कपलरला अडकून डबे खाली. आता फक्त शॉर्ट हूडच्या म्हणजे कॅबजवळच्या टोकाला आहेत, डबे लाँग हूडच्या बाजूनेच जोडतो.

डेकलबद्दल, म्हणजे नाव-नंबरच्या छापील स्टिकरबद्दल, राग आहे. ज्यांच्याकडून छापून घेतले त्यांनी ‘रतलाम’ बरोबर दिलं पण नंबरचे आकडे जाड आले, आणि मी घाईत एका बाजूचे मॅटवरच चिकटवले, तिथे कडेला चंदेरी हवा दिसते. ग्लॉसवर लावलेली बाजू अजून छापल्यासारखी आहे. मॅटवाल्या बाजूचा पहिला ‘१’ मागच्या रविवारी निघून रुळांत पडला, सापडला नाही. नवीन शीट येईपर्यंत इंजिन त्या बाजूने चार आकड्यांवर चालतंय, आणि मी दुसऱ्या बाजूला खुर्ची टाकून बसतो.