इसबगोलाची भुशी: उत्तम वस्तू, पण पाण्याच्या हिशेबानं

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांना टेकतो, लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टी नि घोटलेली वांग्याची भाजी ठरलेली, आणि मग पोट साफ होत नाही म्हणून घरात इसबगोलाचा डबा येतो. वस्तू खरोखर चांगली आहे. नेमकी उन्हाळ्यातच ती चुकीची घेतली जाते, म्हणून हे सविस्तर.

आपल्या आतड्यांत रोज सुमारे 9 लिटर पातळ ऐवज उतरतो. त्यात खाण्यापिण्यातलं पाणी 2 लिटरच्या आसपास. बाकी लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस. लहान आतडं त्यातलं बहुतेक शोषून घेतं. मोठ्या आतड्यात जेमतेम दीड लिटर पोहोचतं आणि शौचातून बाहेर पडतं ते 100 ते 200 मिलिलीटर. घाम जास्त गेला, पाणी कमी प्यायलं, की मोठं आतडं आणखी ओढून घेतं. मळ जितका रेंगाळेल तितका कोरडा होतो.

इसबगोलाचा तंतू आपल्या पाचकरसांना तुटत नाही आणि मोठ्या आतड्यातले जीवाणूही त्याला फारसं आंबवत नाहीत. त्यामुळे त्याचा बुळबुळीत गोळा पाणी धरून शेवटपर्यंत जातो, मळ मऊ आणि भरीव होतो, आतड्याची भिंत ताणली जाऊन हालचाल सुरू होते. पण हे पाणी त्याला तुम्ही द्यायचं आहे. कोरडी भुशी तोंडात टाकून वर दोन घोट पाणी प्यायलात, तर ती अन्ननलिकेतच फुगून अडकू शकते.

घेण्याची रीत: सपाट मोठा चमचा, म्हणजे साधारण 5 ग्रॅम, 250 मिलिलीटर पाण्यात ढवळा आणि घट्ट व्हायच्या आत प्या. वर आणखी एक ग्लास पाणी. लगेच आडवं पडू नका. पहिले चार-पाच दिवस अर्धाच चमचा. एकदम वाढवलं तर पोट फुगतं. गुण यायला 12 ते 72 तास लागतात, म्हणून पहिल्या सकाळी काही झालं नाही म्हणून मात्रा दुप्पट करू नये. रोजच्या गोळ्या आणि भुशी यांत किमान 2 तासांचं अंतर हवं, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर तपासत राहा, कारण भुशीमुळे जेवणानंतर साखर सावकाश चढते.

खरेदीत सुटी भुशी टाळलेली बरी. दमट झाली की गुठळ्या होतात आणि कचराही असतो. बंद डब्यातली, शुद्धतेची टक्केवारी छापलेली घ्या. चांगली भुशी फिकट, हलकी असते. 1 ग्रॅम भुशी भरपूर पाण्यात फुगून 40 मिलिलीटरपर्यंत जागा व्यापते. पाण्यात तळाला खडे किंवा तपकिरी कण बसले तर माल कमी प्रतीचा. चवीच्या पुड्यांमध्ये साखर बरीच असते, मधुमेह असेल तर साधीच घ्या.

डब्यामागची घटकांची यादी मात्र वाचाच. 'पोट साफ' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते. ती पाणी धरत नाही, आतड्याला डिवचते आणि 6 ते 12 तासांत परिणाम दाखवते. कधीमधी ठीक, महिनोन्‌महिने घेतली तर आतड्याचं अस्तर काळपट पडतं. इसबगोलाशी तिची बरोबरी करू नये.

ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात. कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी, पालेभाजी, ताक नियमित असेल तर डब्याची गरजच कमी पडते. शेवभाजी-पावावर आठवडा काढला तर भुशी एकटी किती पुरणार?

गिळायला त्रास होणारे, आतडं कुठे अरुंद असलेले, पाणी मोजून प्यावं लागणारे हृदय-मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही घेऊ नये. शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, पन्नाशीनंतर अचानक सुरू झालेला बद्धकोष्ठ यावर भुशी खात बसू नका. पोट ताठलेलं, उलट्या आणि वायूही सरत नाही, अशा वेळी चमचाभरही न देता थेट रुग्णालय गाठा.