‘झिम्मा 2’ की ‘नाच गं घुमा’?

माझ्या मैत्रिणीचं मत ठाम: मनमोकळं हसायचं तर ‘झिम्मा 2’. हेमंत ढोमेच्या या 2023च्या चित्रपटात इंदू या मैत्रिणीच्या पंचाहत्तरीसाठी सगळ्या मैत्रिणी इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टला जातात. निर्मिती सावंत नुसत्या समोर आल्या तरी हिला हसू फुटतं. शिवाय तिचं म्हणणं, घरच्या कटकटी पडद्यावरही कशाला बघायच्या?

मला नेमक्या त्याच बघायच्या असतात! परेश मोकाशींचा ‘नाच गं घुमा’ 1 मे 2024 ला, म्हणजे कामगार दिनीच आला. नोकरी करणारी राणी (मुक्ता बर्वे) आणि तिच्याकडे कामाला येणाऱ्या आशाताई (नम्रता संभेराव), एवढीच गोष्ट. पण घड्याळाकडे बघत बेल वाजायची वाट पाहणं, सिंकमध्ये रात्रीची खरकटी भांडी, मुलीचा डबा अजून व्हायचाय, ही माझी रोजची सकाळ आहे. म्हणून ते हसू पोटातून येतं. नम्रता तर अफलातून. हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणते. उत्तरार्ध जरा ताणलाय, हे मैत्रिणीचं म्हणणं मात्र मला मान्य.

‘झिम्मा 2’मधल्या गप्पा गोड आहेत, पण मनात घर केलं ते आशाताईंनी. दुसऱ्या दिवशी आमच्या मावशींना यायला उशीर झाला, तेव्हा मी काही न बोलता आधी दोघींचा चहा टाकला.