स्लीव्ह सर्जरीनंतरचे आठ महिने: वजन उतरलं, पण भांडण झालं उंचीवरून

क्लेमचे पैसे मागच्या आठवड्यात खात्यात आले, म्हणून आता शांत डोक्याने लिहितेय. वजन उतरवण्यासाठी जठर कापून लहान करतात, ते हे स्लीव्ह ऑपरेशन. माझं गेल्या पितृपक्षात झालं, आता मे संपत आलाय. स्लीव्हमध्ये नेमकं काय होतं, जठराच्या बायपासमध्ये काय करतात, कोणाला कुठलं सुचवतात, हे या वाटेला लागलेल्या माणसाने आधीच पालथं घातलेलं असतं. ते परत सांगत बसत नाही. ऑपरेशन चांगलं झालं, सर्जन चांगले मिळाले, बदललेलं जेवण अंगवळणी पडलं. जीव खाल्ला तो कागदावरच्या एका सेंटिमीटरने. कुठल्याही माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं, म्हणून सविस्तर सांगते.

जुलैमध्ये पहिल्यांदा ओपीडीत गेले ती ऑफिस सुटल्यावर, फोर्टहून थेट. वजन १०३ किलो, उंची १६० सेंटिमीटर, बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) ४०.२. डायबेटिस होता, पण गोळ्यांवर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.१. घोरायचे म्हणून स्लीप स्टडी करायला लावली, त्यात स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार निघाला, पण मध्यम. तेव्हा हायसं वाटलं होतं. विम्याच्या हिशेबात मात्र हेच आडवं येतं.

लठ्ठपणाच्या ऑपरेशनबद्दलचं कलम आता बहुतेक पॉलिसींमध्ये एकाच साच्याचं आहे, आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने ठरवून दिलेलं. वगळलेल्या गोष्टींच्या यादीत कोड ०६ शोधा, लगेच सापडेल. वय १८ पूर्ण हवं, डॉक्टरांचा सल्ला हवा आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. ३५ ते ४०च्या मध्ये असाल तर आधी साधे उपाय करून ते फसलेले असले पाहिजेत आणि सोबत चारपैकी एक दुखणं हवं: लठ्ठपणामुळे हृदयाच्या स्नायूला झालेला आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ डायबेटिस. माझा डायबेटिस आटोक्यात, अ‍ॅप्निया मध्यम. गोळ्या वेळेवर घेतल्या, पथ्य पाळलं, त्याचा इथे तोटाच. सगळी भिस्त त्या ४०.२ वर.

दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून लिक्विड डाएट सुरू. ताक, सायीविना दूध, डाळीचं पाणी, गाळलेलं सूप आणि प्रोटीन पावडर. हे वजन उतरवून दाखवण्यासाठी नसतं, लिव्हरसाठी असतं. लिव्हरचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. आमच्यासारख्यांच्या लिव्हरमध्ये चरबी साचून ते जड होतं आणि दुर्बिणीतून काम करताना बाजूला सरत नाही. दोन आठवडे पातळ आणि कमी उष्मांकाचं घेतलं की ते आकसतं, सर्जनला जागा मिळते. पहिले काही दिवस डोकं ठणकतं, चिडचिड होते. सोसायटीच्या गणपतीचा प्रसाद दारात यायचा, मी तो हातावर घेऊन नवऱ्याला द्यायचे. नंतर भूक आपोआप मंदावते. या डाएटमध्ये चोरी करू नका एवढं कळकळीने सांगते, कारण लिव्हर मोठंच राहिलं तर ऑपरेशन अर्ध्यावर थांबवावं लागू शकतं.

डाएट नीट पाळल्यामुळे वजन ९८ वर आलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात भूलतज्ज्ञांची तपासणी झाली, सकाळी नऊ वाजता. नर्सने वजन लिहिलं ९८, उंची लिहिली १६१. मी सही केली आणि कॉरिडॉरमध्ये येऊन बसले.

कॅशलेसच्या फाइलला हाच कागद जोडला गेला. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरून (विम्याचे कागद बघणारा विभाग) फोन. "मॅडम, क्वेरी आलीये. बीएमआय सदतीस पॉइंट आठ दिसतोय."

"अहो, पण वजन कमी करायला तुमच्याच डाएटिशियनने सांगितलं ना?"

"हो मॅडम, पण ते लेटेस्ट कागद बघतात."

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून उतरवलेलं वजन असं माझ्यावरच उलटलं. सर्जननी तातडीने पत्र दिलं, की बीएमआय पहिल्या भेटीचा धरावा, नंतरची घट ही ऑपरेशनच्या तयारीचा भाग आहे. ते मान्य झालं. वजन १०३ धरलं, पण उंची भूलतज्ज्ञांच्या कागदावरची १६१. करा भागाकार: ३९.७. कॅशलेस नामंजूर.

एका सेंटिमीटरने साडेचार लाख.

ऑपरेशन पुढे ढकलायचं तर पुन्हा लिक्विड डाएट, पुन्हा रजा. एफडी मोडली. पितृपक्षात ऑपरेशन करायला सासूबाईंचा विरोध होता तो होताच, पण बाईंनी स्वतःच्या पेन्शनमधले पैसे काढून आणून दिले.

उंचीचं कोडं माझ्या नणंदेने सोडवलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे. रात्रभर आडवं झोपल्यावर मणक्यांमधल्या चकत्या फुगतात, दिवसभर उभं-बसून त्या दबतात. त्यामुळे सकाळची उंची संध्याकाळपेक्षा साधारण सेंटिमीटरभर जास्त भरते. माझी ओपीडी संध्याकाळची, भूलतपासणी सकाळची. दोन्ही मापं खरी. एवढ्याशा फरकावर लाखांचा निर्णय कसा काय घेतात, हा प्रश्न मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

आणि हा ४० चा आकडा तरी कुठला? अमेरिकेच्या एनआयएच या संस्थेने १९९१ मध्ये ठरवलेल्या निकषातला: ४०, किंवा आजार सोबत असेल तर ३५. त्यानंतर २०२२ मध्ये बॅरिअ‍ॅट्रिक, म्हणजे लठ्ठपणाची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनांच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून निकष बदलले. ३५ च्या वर असाल तर दुसरा आजार असो-नसो, ऑपरेशन सुचवावं, असं आता त्यात आहे. आशियाई लोकांमध्ये चरबी पोटात साठते आणि कमी वजनातच डायबेटिस गाठतो, म्हणून आपल्यासाठी २७.५ पासूनच विचार व्हावा, असंही म्हटलंय. डॉक्टर २०२२ च्या कागदावर चालतात, विमा १९९१ च्या.

ऑपरेशनबद्दल थोडक्यात. जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात. त्यातच भुकेचं हार्मोन, घ्रेलिन, मोठ्या प्रमाणात तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूक लागतच नाही. नातेवाइकांना एवढंच आठवत होतं, की २०१७ मध्ये इजिप्तहून एका बाईंना विमानाने आणून चर्नी रोडच्या सैफी हॉस्पिटलमध्ये असंच काहीतरी केलं होतं. हो, स्लीव्हच. त्याच संध्याकाळी मला उठवून चालवलं, पायांत रक्त गोठू नये म्हणून. टाक्यांपेक्षा खांदा जास्त दुखला. ऑपरेशनसाठी पोटात भरलेला गॅस छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टोचतो आणि कळ खांद्यात येते, दोन-तीन दिवसांत जाते. तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढायचा कंटाळा करू नका, छातीत कफ साठू द्यायचा नसतो.

पाण्याचं मात्र खरंच जड गेलं. औषधाच्या बाटलीवरच्या झाकणाएवढा ३० मिलीचा कप, तो एका दमात नाही, घुटक्याघुटक्याने. ऑक्टोबर हीटमध्ये भांडुपहून सीएसएमटीपर्यंत उभ्याने जाताना घसा कोरडा पडतो आणि गटागट पिता येत नाही, प्यायलं तर छातीत गोळा येऊन बसतो. जेवणाआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास पाणी बंद. मी बाटलीवर मार्करने रेघा मारून घेतल्या, ऑफिसला पोचेपर्यंत पहिल्या रेघेपर्यंत यायचंच.

आता प्रोटीनचा डबा. रोजची ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं सांगतात, नाहीतर चरबीसोबत स्नायूही झिजतात. हॉस्पिटलमधून डिस्चार्जच्या वेळी हातात ठेवलेला डबा महागडा होता, आणि मागचा तक्ता वाचला तर १०० ग्रॅम पावडरीत प्रथिनं ४० ग्रॅम. साध्या स्किम्ड मिल्क पावडरमध्ये ३५ च्या आसपास असतात! ही लूट आहे असं मी तेव्हा ठणकावून सगळ्यांना सांगत होते. आज माझं मत थोडं वेगळं आहे. पहिले दोन-तीन आठवडे दुधाने पोट गुबारायचं, बाकी काही घशाखाली उतरायचं नाही, तेव्हा तो डबा उपयोगी पडला. त्यात जीवनसत्त्वंही असतात. त्यानंतर मात्र तो घेण्यात अर्थ नाही. दुकानात साधं, चव न घातलेलं व्हे (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची पावडर) मिळतं, त्यात ७५-८० ग्रॅम असतात. डब्याची किंमत बघू नका, प्रथिनांच्या एका ग्रॅमला किती पैसे पडतात तो भागाकार करा.

घरचं खाणं सुरू झाल्यावर कुळथाचं कढण आणि मुगाचं घट्ट वरण यांनी तारलं. आणि कोजागिरीच्या सुमारास मऊ आहाराची परवानगी मिळाली तेव्हा सासूबाईंनी ओले बोंबील आणले. तळायचे नव्हतेच, हळद, मीठ, आमसूल, एवढ्यातच शिजवले. स्टीलच्या छोट्या वाटीत दोन तुकडे काढले, मधला काटा धरून अलगद ओढला, तो अख्खा बाहेर आला. चमचा टेकवला की मांस सुटत होतं. वीस मिनिटं लावून ती वाटी संपवली आणि कुठेही अडकलं नाही. इतक्या आठवड्यांनी जेवल्यासारखं वाटलं. पुढे सोयीचं म्हणून चिकन खाऊन बघितलं, तर कोरडा तुकडा छातीत बसला आणि अर्धा तास घाम फुटला. मुंबईत राहून मासे खात असाल तर या टप्प्याला बोंबलासारखं दुसरं काही नाही. ओल्या बोंबलात पाणी जास्त, त्यामुळे प्रथिनं इतर मासळीपेक्षा कमी, हे लक्षात ठेवा. सुका बोंबील मात्र १०० ग्रॅमला ६० ग्रॅमच्या आसपास जातो. आता तो भाजून, कुटून, वरणावर भुरभुरवते. महागड्या डब्याच्या तोंडात मारेल असा आहे.

शाकाहारी असाल तर पनीर आणि चक्का. चपाती लवकर नको, तिचा गोळा होतो. भात दोन घासांत पोट भरतो आणि प्रथिनांची जागा खातो.

केस चौथ्या महिन्यात गळायला लागले. न्हाणीच्या जाळीवर पुंजके. वजन झपाट्याने उतरलं की असं होतं, मुळं शाबूत असतात, आता परत येतायत. तेलांवर पैसे घालवू नका. बी१२, लोह, डी जीवनसत्त्व आणि कॅल्शियम हे मात्र आयुष्यभर. कॅल्शियम सायट्रेटचंच घ्या, कार्बोनेट पचायला अ‍ॅसिड लागतं आणि ते आता कमी बनतं. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर ठेवा. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या होत्या, त्या संपल्या. डोकं दुखलं म्हणून ब्रुफेनसारख्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा.

क्लेमचं पुढे असं झालं. डिस्चार्जनंतर रिइम्बर्समेंटला, म्हणजे भरलेले पैसे परत मिळवायला कागद टाकले, तेही त्याच कारणाने परत आले. मग स्लीप स्टडीचा रिपोर्ट नीट वाचला. ती टेस्ट रात्रीची असते, झोपायच्या आधी माप घेतात. त्यावर छापील: उंची १६०, वजन १०३. म्हणजे ऑपरेशनची तयारी सुरू होण्याआधीची दोन स्वतंत्र मापं माझ्या बाजूची झाली. ती जोडून कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी दिलं, आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही टाकलं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही. तो अर्ज मी लिहून तयार ठेवला होता आणि तसं कंपनीला कळवलंही होतं. लोकपालाकडे जायची वेळ आली नाही. ग्लोव्हज, किट असलं बरंच काही कापून बाकीची रक्कम मिळाली. एफडी मोडल्याचं व्याज कोणी देत नाही.

त्यामुळे ज्यांचा बीएमआय ४० च्या काठावर आहे त्यांनी पहिल्याच भेटीत, लिक्विड डाएटच्या आधी, उंची-वजन केसपेपरवर तारीख, वेळ आणि डॉक्टरांच्या सहीसह लिहून घ्या. अनवाणी, भिंतीच्या मापपट्टीला टाच टेकवून. प्री-ऑथ, म्हणजे कॅशलेसच्या मंजुरीचा अर्ज, त्याच कागदावर पाठवायला लावा आणि पुढे प्रत्येक कागदावर सही करण्याआधी उंचीचा आकडा बघा. सगळीकडे एकच माप, दिवसाच्या एकाच वेळेला घेतलेलं. हॉस्पिटलच्या कोणीही हे आपणहून सांगितलं नाही, हा माझा त्यांच्यावरचा मोठा राग आहे.

आज वजन ७६ आहे, एचबीएवनसी ५.८, डायबेटिसची मेटफॉर्मिन बंद. भांडुप स्टेशनचा पूल न थांबता चढते. रात्री उशिरा जेवलं की आंबट पाणी घशाशी येतं, स्लीव्हनंतर हा त्रास बऱ्याच जणांना होतो. पॅन्टोप्राझोल ही अ‍ॅसिडिटीची गोळी अजून सुटलेली नाही. म्हणून जूनमध्ये एंडोस्कोपी ठरलीय. ज्यांना आधीपासूनच जोरदार अ‍ॅसिडिटी आहे त्यांनी स्लीव्ह की बायपास हे सर्जनला थेट विचारा. माझा एंडोस्कोपीचा रिपोर्ट आला की यात भर घालेन.