गनड्रिलला धार आता शॉपमध्येच: फिक्स्चर वापरून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

भोसरीत आमचं छोटं जॉबवर्कचं शॉप आहे. मोल्डच्या प्लेटींना कूलिंगचे होल पाडणं हे पोटापाण्याचं काम. पी-२० स्टील, १० मिमीचा होल, खोली ३०० मिमी, असा रोजचा मामला. गनड्रिलची, म्हणजे खोल होल पाडणाऱ्या लांब ड्रिलची, धार गेली की बाहेर पाठवायचो. परत यायला आठवडा. तोवर जादा ड्रिलं घेऊन ठेवा, नाहीतर मशीन उभं. शेवटी वैतागून ग्राइंडिंग फिक्स्चर घेतलं, म्हणजे ड्रिल हव्या त्या कोनात धरून धार लावायचं साधन.

ज्यांनी हे ड्रिल हातात घेतलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नाव पडलं बंदुकीच्या नळीवरून. साध्या ड्रिलला दोन धारा, याला एका बाजूलाच. लांब शँकच्या (दांड्याच्या) पुढे कार्बाइड या कडक धातूची टिप ब्रेझिंगने जोडलेली, पोटातून तेलाचं भोक, बाजूला व्ही आकाराची खाच. तेल दाबाने आतून येतं आणि चिप घेऊन खाचेतून मागे जातं. टिपेचं टोक मधोमध नसतं. बाहेरच्या कडेपासून व्यासाच्या पाव अंतरावर, म्हणजे १० मिमीला अडीच मिमीवर. टोकाच्या बाहेरची धार ३० अंशांत, आतली २० अंशांत. हा आकार लंगडा दिसतो, पण त्यामुळेच कटिंगचा जोर टिपेला होलच्या भिंतीवर रेलून धरतो आणि होल सरळ जातो.

फिक्स्चर टूल अँड कटर ग्राइंडरच्या, म्हणजे हत्यारांना धार लावायच्या मशीनच्या, टेबलावर बसतं. तीन दिशांना फिरतं, प्रत्येक दिशेला अंशांची पट्टी. ड्रिल त्याच्या मापाच्या बुशमध्ये (नळकांड्यात) धरायचं आणि मागची लांब शेपटी स्टँडवर टेकवायची. स्टँड आमच्यासोबत आला नव्हता. बुशही प्रत्येक व्यासाला वेगळे घ्यावे लागले. विकणाऱ्याने हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पहिल्याच आठवड्यात दणका बसला. ८ चा बुश नव्हता, म्हणून पत्र्याची पट्टी गुंडाळून ड्रिल मोठ्या बुशमध्ये धरलं आणि खाचेची बाजू नजरेनेच आडवी पातळीत आणली. ग्राइंडिंग सुरेख दिसत होतं. मशीनवर चढवलं तर शंभरेक मिमीनंतर आवाज चिरका झाला. आमचे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते पलीकडच्या मशीनवरून ओरडले, "बंद कर, बंद कर!" माझा हात बटणापर्यंत पोचेस्तोवर टिप आतच तुटली. खाचेत दोऱ्यासारख्या लांब चिपा अडकल्या होत्या. प्लेट गिऱ्हाइकाची. ती भरून देताना जो आकडा लिहिला, त्यात सगळे बुश आले असते.

नंतर भिंगाखाली पाहिलं तेव्हा कळलं. ड्रिल बुशमध्ये दोन-तीन अंश फिरलेलं होतं. मग अंशांच्या पट्टीवर आकडे कितीही बरोबर लावा, टिपेवर रिलीफ, म्हणजे धारेमागचा उतार, चुकीचाच बसणार. आता खाचेच्या सपाट बाजूला गेज टेकवल्याशिवाय व्हील सुरूच करत नाही.

क्रम आता पाठ झालाय: बाहेरच्या धारेचा पहिला रिलीफ, त्यामागे दुसरा, मग आतली धार, आणि शेवटी डब-ऑफ. या डब-ऑफला माहितीपत्रकात दोन ओळी आहेत, खरा घाम इथेच निघतो. धारेमागचा कोपरा तिरका काढायचा, म्हणजे तेलाला धारेपर्यंत जागा मिळते. कमी काढला तर तेल कोंडतं आणि टिप तापते. जास्त काढला तर टिपेला भिंतीवर टेकवणारा भाग खाल्ला जातो आणि होल खरबरीत येतो. यात हात बसायला मला दोन महिने लागले.

व्हील डायमंडचं, कपाच्या आकाराचंच हवं. कट अगदी हलका, मिमीचे शंभर भाग केले तर त्यातला एक-दोन. घाई केली की कार्बाइडला बारीक चिरा पडतात, त्या दिसतात थेट तुटल्यावर. गरम टिप पाण्यात बुडवायची सवय असेल तर ती मोडा. आणि मास्क लावा. कार्बाइडच्या धुळीत कोबाल्ट असतं, फुप्फुसांना वाईट. मामा आधी हसायचे, आता तेही लावतात.

एका धारेत १० च्या ड्रिलवर आमचे साधारण पन्नास होल निघतात. एका शार्पनिंगला अर्धा मिमीच्या आत टिप जाते. टिप मागे किंचित निमुळती असल्याने दर वेळी व्यास थोडा उतरतो. म्हणून धार लावल्यावर मायक्रोमीटर लावतो आणि आकडा वहीत टाकतो. टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) बाहेर गेलेलं ड्रिल मापाचा आग्रह नसलेल्या कामाला.

धार बसली की नाही, हे मामा चिपेवरून सांगतात. पहिल्या वीस-पंचवीस मिमीत तेलाच्या जाळीवर हात फिरवतात. आखूड, स्वल्पविरामासारखी चिप हाताला लागली की मान हलवतात. लांब लागली की ड्रिल परत माझ्या टेबलावर.

फिक्स्चरच्या अंशांच्या पट्टीतला शून्य सुरुवातीला अर्धा अंश सरकलेला होता. विकणाऱ्याशी तीनदा फोनवर वाद झाला, शेवटी आम्हीच सेट केला. नवीन घेतलंत तर आधी तेवढं तपासा. ६ ते १६ मिमीपर्यंत फिक्स्चर छान चालतं, आणि महिन्याला आठ-दहा ड्रिलांना धार लागत असेल तरच घ्या. ४ ची ड्रिलं आम्ही अजून बाहेरच पाठवतो. त्या टिपेवर टोक कडेपासून १ मिमीवर आणायचं, आणि माझा चष्मा आता तेवढा साथ देत नाही.