बर्फातला सूड: मूळ नॉर्वेजियन बघावा की लियाम नीसनवाला?

गोष्ट एक, दिग्दर्शकही एकच, हान्स पेटर मोलांड. २०१४ चा नॉर्वेजियन सिनेमा 'क्राफ्टिडियोटेन', म्हणजे इंग्रजीतला 'इन ऑर्डर ऑफ डिसअपिअरन्स', आणि २०१९ चा 'कोल्ड परस्यूट', ज्यात तोच मालमसाला कोलोरॅडोत नेलाय. रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या बापाचा पोरगा एका टोळीच्या हातून मारला जातो, मग बाप त्यातल्या एकेकाला गाठत सुटतो, तेही काळ्या विनोदाच्या अंगानं. मुडदा पडला की पडदा काळा, त्यावर नाव आणि धर्माचं चिन्ह. आपल्या चौकातल्या श्रद्धांजलीच्या बॅनरसारखं, फक्त फोटो नाही. हे दोन्हींत आहे.

इंग्रजीवाला वाईट नाही. वेग बरा आहे, सबटायटल वाचत बसावं लागत नाही. माझी अडचण त्यातल्या बापाची, म्हणजे नीसनची. तो दारात उभा राहिला की समोरच्याचं काय होणार हे आधीच कळतं. मेव्हणा तर पहिल्याच मारामारीत म्हणाला, "दाजी, आता ह्यो समद्यांला धुतोय बघा." अन् धुतलंच. मग हसायचं कशाला?

मूळ सिनेमातला बाप झालेल्या स्टेलान स्कार्सगार्डचं तसं नाही. तो कामावर निघाल्यासारखा खून करायला निघतो. मुडदा कोंबड्यांच्या जाळीत गुंडाळून धबधब्यात ढकलतो, तेही बांधावर तारेचं कुंपण करावं इतक्या निमूटपणे. हा माणूस हे करू शकतो यावर विश्वास बसत नाही, आणि खरी गंमत तिथंच आहे. त्यात ब्रुनो गांझचा सर्बियन म्हातारा टोळीप्रमुख. त्याची माणसं नॉर्वेतले तुरुंग किती चांगले, यावर मन लावून बोलतात. दुसऱ्या टोळीतले दोघं गाडीत वाद घालतात, की थंड देशातच सरकार लोकांची काळजी घेतं, उन्हाच्या देशात नाही. मे महिन्यात परभणीत बसून हे ऐकावं म्हणजे पटतं. इंग्रजी आवृत्तीतल्या गप्पांना ही चव मला तरी लागली नाही. तुम्हाला कदाचित लागेलही.

मूळ सिनेमाचा एक त्रास मात्र सांगतो: पांढऱ्या बर्फावर पांढरी सबटायटलं, अर्धी दिसत नाहीत. प्लेअरमध्ये अक्षरांचा रंग पिवळा करून घ्या. नीसनचे चाहते असाल, किंवा घरात सबटायटलला नाकं मुरडणारं कोणी असेल, तर 'कोल्ड परस्यूट' लावा. नसेल तर आधी नॉर्वेजियनच. इंग्रजीवाला नंतर कधीही बघता येतो, उलट क्रमानं मात्र पहिल्याची मजा जाते.