पंधराची सांगून एकतीसची ट्यूब गळ्यात मारली

जुनी व्हिडिओ गेमची पेटी घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा. माझे साडेआठ हजार गेलेत.

सोलापुरात विजापूर रोडजवळच्या एका गोदामात पेटी बघितली. विकणारा म्हणाला, "गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर लागायची ही, साहेब. ओरिजिनल पंधरा किलोहर्ट्झची ट्यूब. प्लेस्टेशन लावा, सेगा लावा, सगळं चालतंय." मला नेमकं तेच हवं होतं. पहिला प्लेस्टेशन (टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन) सेकंदाला साधारण 15,700 आडव्या रेषा पाठवतो, पाल म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीचं मशीन असेल तर 15,625. यालाच पंधरा किलोहर्ट्झ म्हणतात. जुन्या आर्केड (नाणं टाकून खेळायच्या पेटीतल्या) ट्यूबही त्याच वेगाने रेषा ओढतात, म्हणून मध्ये काही न लावता चित्र लख्ख उमटतं. कॉम्प्युटरचा व्हीजीए मॉनिटर 31,500 च्या आसपास सुरू होतो. पंधराचा सिग्नल त्याला पकडता येत नाही.

माझ्यासमोर प्लेस्टेशन लावला, चित्र आलं. सोबत अकरा वर्षांची पुतणी होती. म्हणाली, "काका, आजीच्या टीव्हीची बारीक शिट्टी येते ना, तशी याची येत नाही." ती शिट्टी पंधरा किलोहर्ट्झची. लहान कानांना कळते, माझ्या वयाच्या नाही. तिचं मी मनावर घ्यायला हवं होतं. मग "पॅकिंग करतो" म्हणून त्याने मला अर्धा तास बाहेर थांबवलं.

घरी आणून जोडली तर पडद्यावर 'आउट ऑफ रेंज'. फोन केला तर म्हणे, "तुमचा प्लेस्टेशनच गेलाय." नंतर सहाशे रुपयांची अ‍ॅडॉप्टर केबल घ्यायला लावली. तिच्यात नुसत्या तारा. अशी केबल पिना बदलते, फ्रिक्वेन्सी बदलत नाही.

शेवटी ओळखीच्या टीव्ही मेकॅनिकने मागची फळी उघडली. आत कॉम्प्युटर मॉनिटरची ट्यूब, शेजारी चार स्क्रूंची ताजी भोकं आणि कापलेली वायर. पंधराचं एकतीस करणारा कन्व्हर्टर बोर्ड तिथे बसवून चित्र दाखवलं होतं. विकणाऱ्याला जाब विचारला तर शांतपणे म्हणाला, "बोर्डाचे पैसे वेगळे होते."

पैसे देण्याआधी फळी विकणाऱ्यालाच उघडायला लावा. बंद ट्यूबमध्येही हजारो व्होल्ट साठलेले असतात, स्वतः हात घालू नका. प्लेस्टेशनची तार थेट ट्यूबच्या चेसिसला, म्हणजे तिच्या मूळ सर्किटला, जाते की मध्ये एखादा बोर्ड आहे, ते बघा. आणि ट्यूब खरोखर पंधराची निघाली तर तिला एकतीसचा सिग्नल देऊ नका, आडव्या रेषा ओढणारा हॉरिझाँटल ट्रान्झिस्टर उडू शकतो. पावतीवर '15 किलोहर्ट्झ' असं लिहून घ्या. मी रोख दिले आणि पावती मागितलीच नाही.