आठ वर्षांपुढची व्हॅन आणि दरवर्षीचं पासिंग: ओम्नी, ईको की मॅजिक?

पिवळ्या पाटीची गाडी नवी असते तोवर पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, दोन वर्षांतून एकदा. आठ वर्षं उलटली की ते दरवर्षी येतं. जुनी व्हॅन घेणारा इंजिन ऐकतो, सीट कव्हर बघतो, ॲव्हरेज विचारतो आणि सौदा करतो. पण या वयाच्या गाडीचं इंजिन क्वचितच नापास होतं. नापास होतात मागचे ब्रेक, सडलेला पत्रा, पुढच्या चाकांचा प्ले (ढिलेपणा) आणि कागद. म्हणून तिन्ही गाड्या एकाच मापाने तोलल्या पाहिजेत: पासिंगला अडवणारा दोष एका दिवसात, थोड्या पैशांत निघतो, की दरवर्षी परत येतो?

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. पांढऱ्या पाटीच्या खासगी व्हॅनला हे दरवर्षीचं पासिंग नाही. तिची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. ओम्नी बघायला गेलात की पाटीचा रंग आणि आरसीवरचा वर्ग, दोन्ही बघा. खाली आहे ते सगळं ट्रान्सपोर्ट नोंदणीच्या गाड्यांसाठी.

मारुती ओम्नी 796 सीसी, तीन सिलेंडर, पेट्रोल. 1984 पासून बनत होती, 2019 मध्ये बंद झाली. ईको 2010 ला आली. जुन्या बाजारात मिळते ती 1196 सीसी, चार सिलेंडर, पेट्रोल किंवा कंपनीची सीएनजी. टाटा मॅजिक ही 2007 ची, टाटा एस या छोट्या मालवाहू गाडीच्या चासीवरची, दोन सिलेंडरचं 702 सीसी डिझेल. तिघींना मागे सरळ एक्सल आणि ड्रम ब्रेक. ओम्नी आणि मॅजिकला मागे पाटे (लीफ स्प्रिंग), ईकोला कॉइल स्प्रिंग. हा शेवटचा फरक दिसायला छोटा असला तरी पासिंगच्या दिवशी महत्त्वाचा ठरतो.

तिन्ही गाड्यांचं सर्वांत मोठं दुखणं मागच्या ब्रेकमध्ये आहे. पेडल दाबलं की गाडी एका अंगाला ओढते. ट्रॅकवर ते ड्रायव्हरच्या हाताला कळतं. स्वयंचलित केंद्रात चाकं रोलरवर फिरवून डाव्या-उजव्या चाकाचा जोर आकड्यांत दिसतो, तिथे लपवायला जागाच नाही. ड्रम काढून बघा. आतला लायनर, म्हणजे ड्रमला घासून ब्रेक लावणारा थर, ओला असेल तर बोट लावून वास घ्या. घट्ट, गंधकासारखा उग्र वास म्हणजे मागच्या एक्सलच्या हाऊसिंगमधलं ऑइल एक्सल सीलमधून आलं. पातळ आणि रंगाचा पापुद्रा सोडवणारं म्हणजे ब्रेक ऑइल, व्हील सिलेंडर गळतोय. बहुतेक गॅरेजमध्ये सील बदलून गाडी देतात आणि चार महिन्यांत ते पुन्हा गळतं, कारण हाऊसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा सोडणारी तोटी, चिखलाने बुजलेला असतो. ऑइल तापलं की आत दाब वाढतो आणि तो सीलमधूनच वाट काढतो. ब्रीदर साफ करा, ऑइल लेव्हलपेक्षा जास्त भरलेलं नाही ना बघा, एक्सलच्या बेअरिंगला प्ले असेल तर तेही बदला. आणि लायनर नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम. ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवणं हा निव्वळ फसवा उपाय आहे. गरम झाल्यावर आत मुरलेलं ऑइल पुन्हा वर येतं. नवे लायनर टाकून त्याच दिवशी पासिंगला जाऊ नका. दोनेकशे किलोमीटर गाडी चालू द्या, लायनर ड्रमला बसू द्या, मग हँडब्रेकसकट पुन्हा ॲडजस्ट करा.

या खात्यात तिघी जवळपास सारख्या. मॅजिक थोडी मागे पडते, कारण ती बहुतेक वेळा क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरून चाललेली असते आणि तिचे ड्रम आतून खोल घासलेले सापडतात. ड्रम एकदा लेथवर घेतलेला असेल तर पुन्हा घ्यायच्या भानगडीत पडू नका, नवा घ्या.

पत्र्याचा मामला वेगळा, आणि ओम्नी इथेच हरते. सरकत्या दाराच्या खालच्या रुळाखाली पाणी साचतं, मागच्या चाकांच्या कमानीत चिखल बसतो, आणि रबरी मॅटखाली फ्लोअर आतून सडतो. वरून रंग चकचकीत असतो. मॅट पूर्ण उचला, फ्लोअर अंगठ्याने दाबा, चाकाच्या कमानीवर चुंबक फिरवा. चुंबक जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे. पाट्यांचे शॅकल (टोकाचे जोड) जिथे बॉडीला बसतात तो भाग सडलेला असेल तर ती ओम्नी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. तिथे मारलेलं वेल्डिंग एका पावसाळ्यापुरतं टिकतं आणि पुढच्या पासिंगला तोच प्रश्न उभा राहतो. ईकोही याच जागांवर सडते, पण या वयात सहसा कमी. मॅजिकला खाली लोखंडी चासी आहे, त्यामुळे वरचा पत्रा गेला तरी गाडीचा कणा शाबूत असतो. अलिबाग, रत्नागिरी, मालवणकडच्या खाऱ्या हवेत राहिलेली व्हॅन आणि लातूर-सोलापूरकडची व्हॅन एकाच वर्षाची असली तरी एका वयाची नसते. कोरड्या भागातल्या गाडीत मात्र रबर तपासा. ब्रेकचे होज वाकवले की बारीक भेगा दिसतात.

पुढच्या बाजूला मॅजिकचं अवघड होतं. तिला पुढेही सरळ एक्सल आहे, म्हणजे किंगपिन आले, ज्यांच्यावर पुढची चाकं वळतात ते खिळे. वेळच्या वेळी ग्रीस गेलं नाही की किंगपिनचे बुश झिजतात. चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खटखट जाणवली तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबूनही खटखट राहिली तर ती बेअरिंगची नाही, किंगपिनची. काम होतं, पण दोन्ही बाजूंचे किट, प्रेस, रीमर आणि नंतर अलाइनमेंट असा पसारा आहे. ओम्नी-ईकोला बॉल जॉइंट, टायरॉड एंड आणि लोअर आर्मचे बुश. तालुक्याच्या गावातही मिळतात आणि अर्ध्या दिवसात बदलून होतात.

हेडलाइटचं कुणी मनावर घेत नाही. ओम्नी आणि मॅजिकचे पाटे बसले की गाडीचं नाक वर येतं आणि झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. स्क्रू फिरवून झोत खाली आणता येतो, पण भार घातला की पुन्हा तेच. पाट्यांना पुन्हा कमान देऊन घेणं हाच खरा उपाय. ईकोला हा त्रास कमी. काचेआडचा रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर बल्ब बदलून उपयोग नाही.

धुराच्या चाचणीत मॅजिक सर्वांत बेभरवशाची. बीएस-4 या प्रदूषण मानकाच्या आधीच्या डिझेलला 65 हार्ट्रिज (धुराच्या दाटपणाचं माप), बीएस-4 ला 50 अशी मर्यादा आहे. काळा धूर असेल तर एअर फिल्टर आणि नोझल तपासून घ्या, बहुधा तिथेच सुटतं. धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल जाळतंय, आणि ती गाडी पासिंगच्या भरवशावर घेऊ नका. इंजिन पूर्ण गरम करूनच चाचणी द्या.

ईकोचं दुखणं निराळं आणि चटकन लक्षात न येणारं आहे. तिच्या सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) प्लॅटिनम गटातले धातू असतात, म्हणून महाराष्ट्रात आणि गुजरातेत ईकोचे सायलेन्सर चोरीला गेल्याच्या कितीतरी घटना घडल्या. चोरीनंतर मालक स्वस्तातला पोकळ सायलेन्सर बसवून घेतो. गाडी छान चालते, पण बीएस-4 पेट्रोलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 0.3 टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) 200 पीपीएम ही मर्यादा आहे, आणि कन्व्हर्टरशिवाय तिथे पोचणं कठीण. खाली वाकून बघा, नव्या वेल्डिंगचे डाग आणि वेगळ्या रंगाचा पाइप दिसतो. मूळ कन्व्हर्टर असलेली ईको चार पैसे जास्त देऊन घ्या.

सीएनजी असेल तर सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते. तारीख प्लेटवर असते. ती उलटली असेल तर तेवढा खर्च आणि गाडी उभी राहण्याचे दिवस सौद्यात धरा. बाहेरून बसवलेलं किट आरसीवर चढलेलं नसेल तर ते आधी चढवून मागा.

कागदांत आठ वर्षांनंतरचा पर्यावरण कर भरलाय का, जुनी ई-चलनं, विमा, पीयूसी, उच्च सुरक्षा नंबरप्लेट आणि बँकेचा बोजा बघा. चासी नंबर गंजून वाचता येत नसेल तर बाकी सगळं ठीक असूनही काम अडतं. टायरची नक्षी 1.6 मिमीच्या खाली नको, रिफ्लेक्टिव्ह टेप फाटलेली नको.

शहरात आणि निमशहरी भागात, रोजच्या शे-सव्वाशे किलोमीटरला, मूळ कन्व्हर्टरची पेट्रोल किंवा कंपनी-सीएनजी ईकोच घ्यावी. तिचे दोष बहुतेक एका दिवसाचे आणि सुट्या भागांचे असतात. ओम्नी फक्त कोरड्या भागातली, फ्लोअर शाबूत असलेली. मॅजिक खडीच्या रस्त्याला आणि भाराला चांगली, पण दरवर्षी पासिंगच्या महिनाभर आधी गॅरेजला चार दिवस देण्याची तयारी हवी. गाडीचं वय वाढतं तशी पासिंगची फी चढते, त्यामुळे तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी तो आकडा आधी आरटीओच्या संकेतस्थळावर काढून ठेवा.

आणि पासिंगला दोन महिने उरलेली गाडी असेल तर विकणाऱ्यालाच पासिंग करून द्यायला सांगा, पैसे त्यानंतर. तो नाही म्हणाला तर का नाही म्हणतो ते ड्रम उघडल्यावर कळेल.